कात्रीचा स्क्रू आणि रबराची बोंडी

कात्रीला दोन पाती असतात. दोन पाती नुसती शेजारी ठेवली, तर केस कापतील का? नाही कापणार. ती एकमेकांना घासून सरकली पाहिजेत. हे काम मधला स्क्रू करतो. त्याचे डोके हरभऱ्याच्या दाण्याएवढे. त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. गिऱ्हाईक म्हणते, "अहो दादा, केस ओढताय!" मग सगळे धारेला दोष देतात.

पूर्वी न्हावी धोकटी घेऊन घरोघर जात. बारा बलुतेदारांतले ते एक. सुगीला धान्याचे बलुते मिळे. आता धंदा रोखीचा आहे. कात्री एक दिवस अडली, की तेवढी कमाई बुडाली. भोरहून पुणे पन्नासेक किलोमीटर आहे. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या वाडीवरून जायचे तर सारा दिवस मोडतो. स्क्रूपेक्षा एसटीचे भाडे जास्त! म्हणून आम्ही सांगतो, एक जादा स्क्रू घरात ठेवा.

स्क्रू सैल झाला, की पात्यांमध्ये फट पडते. केस कापला न जाता त्या फटीत दुमडतो आणि ओढला जातो. मग आपण अंगठ्याने जोर देतो. जोर दिला, की एक धार दुसऱ्या धारेवर आपटते आणि खाचा पडतात. फार आवळला तरी वाईट. अंगठा भरून येतो. धार लवकर झिजते.

स्क्रू बरोबर आहे का, हे असे पाहा. डाव्या हातात एक कडी धरा. टोके वर करा. उजव्या हाताने दुसरी कडी उचलून कात्री फुलीसारखी उघडा. आता उजवी कडी सोडून द्या. कात्री खाडकन मिटली, तर स्क्रू सैल आहे. जागची हललीच नाही, तर घट्ट आहे. थोडी मिटून मध्येच थांबली, तर ठीक. फिरवायचा झाला तर स्क्रू अगदी थोडा फिरवा. पाव फेरासुद्धा पुष्कळ होतो. पुन्हा सोडून पाहा.

काही जुन्या कात्र्यांना स्क्रू नसतो, ठोकलेला रिबीट असतो. त्यावर घरी हातोडी मारू नका. ते कारागिराचे काम. मेरठ शहरात पिढ्यान् पिढ्या कात्र्या घडवतात. तिथल्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आता कड्यांजवळ पाहा. तिथे रबराची छोटी बोंडी असते. कात्री मिटली, की कड्या या बोंडीवर टेकतात. बोंडी पडली, तर कड्या एकमेकींवर आपटतात. टोके गरजेपेक्षा पुढे जातात, एकमेकांना ओलांडतात. अशी टोके गिऱ्हाइकाच्या कानाला लागतात, हे ध्यानात असू द्या. बोंडी स्वस्त असते. पडली त्याच दिवशी बदला. नवी फार जाड असली, तर टोके मिटतच नाहीत.

आपल्याकडे पाऊस फार. तोरण्याच्या बाजूला तर दिवसच्या दिवस उघडीप नसते. स्क्रूखाली ओले केस अडकतात, गंज धरतो. म्हणून रात्री कात्री पुसा. जंतुनाशकात बुडवली असेल, तर आधी पूर्ण कोरडी करा. मग स्क्रूपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. कात्री उघडा, मिटा, वर आलेला मळ पुसा. गोडेतेल नको. ते चिकट होते आणि केस धरून ठेवते.

स्क्रू काढायचा झाला, तर खाली परात घ्या. परातीत पांढरे फडके पसरा. काही कात्र्यांत स्क्रूखाली वायसर असतो. तो आधी घरंगळतो! वायसर कोणत्या बाजूला होता, हे कागदावर काढून ठेवा. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या. स्क्रू लांब निघाला, तर त्याचे टोक बाहेर येते आणि केस अडकतात. कात्रीवर आकडा किंवा नाव कोरलेले असेल, ते वहीत उतरवून घ्या. आपल्याला आता लिहिता येते ना!

धार लावणारा कात्री उघडून देतो, पुन्हा जोडतो. ती परत घेताना, पैसे देण्याआधी, तिथेच उभे राहून कडी सोडून पाहा.