सम्यक व्यायाम : मनाची रोजची मशागत

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाची प्रतिज्ञा आहे. त्या मार्गाचे सहावे अंग सम्यक व्यायाम. पुष्कळांना तो तालमीतला वाटतो! तो मनाचा आहे. न उपजलेला वाईट विचार उपजू न देणे, उपजलेला टाकणे, चांगला उपजवणे आणि तो टिकवणे. यातले चौथेच अवघड, असे आम्हांस वाटते. विद्यार्थी परीक्षेपुरता पहाटे उठतो. वर्षावास संपला की कित्येक विहारांना कुलूप लागते. म्हणून सवय लहान धरावी. सकाळी पाच मिनिटे आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. रात्री निजण्यापूर्वी, आज कोणाला टाकून बोललो ते आठवावे, आणि उद्या त्याच्याशी आपणच आधी बोलावे.