निरोपाची यादी

फाल्गुन सरत आला की वर्धेच्या आसपासची माळराने पळसाच्या फुलांनी केशरी होतात, वावरांतील पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात आणि दुपारच्या उन्हाला भिऊन शाळा सकाळी भरू लागतात. याच दिवसांत शाळाशाळांतून निरोपसमारंभ होतात. अशाच एका समारंभाला जाण्याचा योग मला सिंदी (मेघे) येथे आला. वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावे आहेत. एक सेलू तालुक्यातील, आगगाडीचे स्थानक असलेली सिंदी (रेल्वे). आणि दुसरी, वर्धा शहराला अगदी लागून असलेली ही सिंदी (मेघे). पत्रावर कंसातील शब्द लिहावयास विसरलात, तर पत्र भलत्याच गावी जावयाचे!

समारंभ सातवीच्या मुलांचा होता. सहावीच्या मुलांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, रांगोळी घातली होती आणि कडुनिंबाच्या कोवळ्या डहाळ्यांचे तोरण बांधले होते. निमंत्रणपत्रिकेवर ‘निरोप व गुणगौरव’ असे शब्द होते. मुलांनो, ‘गुणगौरव’ हा शब्द वाचला की माझ्या मनातील एक जुना सल जागा होतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी मी शिक्षक असताना, अशाच समारंभाची यादी मी तयार केली होती. परीक्षेतील गुण पाहिले, खेळांतील क्रमांक पाहिले आणि नावे लिहून मोकळा झालो. आमच्या शाळेत एक मुलगा होता. अभ्यासात तो बेताचाच. परंतु चार वर्षे, घंटा होण्यापूर्वी येऊन, विहिरीचे पाणी शेंदून तो शाळेचे माठ भरून ठेवी. त्याला कोणी ते काम सांगितले नव्हते. म्हणूनच की काय, ते कोणाच्या ध्यानातही राहिले नव्हते. यादीत त्याचे नाव नव्हते. समारंभ आटोपल्यावर तो माझ्या पाया पडावयास आला आणि म्हणाला, “गुरुजी, उद्यापासून माठ कोण भरील?” त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून सिंदीच्या बाईंनी पारितोषिकांची यादी माझ्या हाती दिली, तेव्हा मी ती जरा धास्तावूनच उघडली. वर पहिल्या तिघांची नावे होती. कबड्डीच्या संघाची होती. त्याखाली वेगळ्या अक्षरांत आणखी काही नावे होती. ती मुलांनी स्वतःच सुचविली होती, असे बाई म्हणाल्या. शाळेतील रोपे सुटीतही येऊन जगविणारा एक मुलगा, ग्रंथपेटीची नोंदवही सांभाळणारी एक मुलगी, आणि पाय अधू असलेल्या मित्राचे दप्तर रोज घरून आणणारे दोघे भाऊ. या नावांना टाळ्या अधिक पडल्या, हे मी मुद्दाम नमूद करतो.

मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी मुलांना त्यांच्या शेजारचीच एक हकीकत सांगितली. १९३७ साली वर्धा शहरात मारवाडी विद्यालय चालविणाऱ्या संस्थेचा रौप्यमहोत्सव होता. उत्सव म्हटला की भाषणे, हारतुरे आणि अहवाल, एवढेच बहुधा घडते. येथे मात्र त्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर रोजी देशातील शिक्षणतज्ज्ञ आणि प्रांतोप्रांतीचे शिक्षणमंत्री एकत्र आले. महात्मा गांधी अध्यक्ष होते. मुलाने शाळेतून काय घेऊन बाहेर पडावे, या प्रश्नावर तेथे दोन दिवस खल झाला. परिषदेने सांगितले, की देशातील प्रत्येक मुलाला सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे. ते मातृभाषेतून मिळावे. आणि हातांनी करावयाचा एखादा उपयुक्त उद्योग त्याच्या केंद्रस्थानी असावा. टकळीवर सूत काढावे, ते मोजता मोजता गणित शिकावे, कापूस कोठे व का पिकतो हे पाहताना भूगोल शिकावा, अशी ती कल्पना. मुलांच्या कामाच्या मिळकतीतून शिक्षकांचे वेतन भागावे, ही त्यांची अपेक्षा मात्र पुढे फार वादाची ठरली, आणि मला तरी ती तशीच वाटते.

अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनोबा भावे आणि काका कालेलकर हे तिचे सदस्य होते. हेच झाकिर हुसेन पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. चालू परीक्षापद्धती शिक्षणाला शापच ठरली आहे, असा कठोर अभिप्राय या समितीने दिला. परीक्षा नकोतच, असे मी म्हणणार नाही. जन्मभर मीच त्या घेतल्या आहेत! परंतु पाणी भरणारे हात कोणत्या उत्तरपत्रिकेत दिसतात, हे मला आजवर कळलेले नाही.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाची ती मागणी देशभर कायद्याने मान्य होऊन अमलात यावयास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. सिंदीच्या समारंभात समोर बसलेल्या मुलांना तर तो हक्क जन्मतःच लाभलेला. परिषदेने मागितलेली सात वर्षे पुरी करून ती निघाली होती.

भाषणे संपली. एक मुलगा आभार मानावयास उठला आणि दोन वाक्यांतच त्याचा कंठ दाटून आला. मग त्याने नुसतेच हात जोडले. चिवडा आणि सरबत झाले. मुले पांगू लागली, तेव्हा ग्रंथपेटी सांभाळणारी ती मुलगी सहावीतील एका मुलीला व्हरांड्यात थांबवून नोंदवही समजावून देत होती.

“एकूण दोन पुस्तके यायची आहेत,” ती म्हणाली. “एक पाचवीच्या वर्गात आहे. दुसरे माझ्याच भावाकडे आहे. ते मी उद्या आणून देते. पण तोवर त्याच्या नावापुढे खूण करू नकोस हं!”