पावतीवरील वेळ कोणत्या घड्याळाची?

नेहरू नगर, भिलाई येथील ग्राहकास परदेशी संगणकप्रणालीच्या पावतीवर ‘३१ मार्च, १९:१०’ दिसते, पासबुकात मात्र १ एप्रिल. चूक कोणाचीच नाही. सर्व्हर बहुधा जागतिक वेळ, अर्थात यूटीसी, नोंदवितो. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे येथे रात्रीचे १२:४० झालेले असतात आणि आर्थिक वर्षही उलटलेले असते! करसवलतीसाठी गुंतवणूक करणाऱ्यास हा फरक महागात पडतो. (मुंबईने १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ जपली होती; भिलाईचा सूर्य प्रमाणवेळेपासून जेमतेम चार-पाच मिनिटे दूर.) वेळेपुढे ‘यूटीसी’ वा ‘झेड’ असल्यास साडेपाच तास मिळवावेत. ३१ मार्चच्या १८:३० पासूनची अशी नोंद नव्या वर्षातील समजावी.