खतखरेदीची वेळ : केनियातील एक प्रयोग

नव्या खताची परीक्षा पाहावयाची झाल्यास शेजारशेजारचे वाफे घेऊन एकास ते द्यावे व दुसऱ्यास देऊ नये, ही रीत शेतकरी बंधूंच्या परिचयाची आहे. हीच रीत योजनांनाही लावता येते. मात्र तेथे वाफ्यांच्या जागी माणसे असतात, आणि योजना कोणास मिळावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. हौशी शेतकरी आपण होऊन पुढे येतो. त्याचे पीक एरव्हीही बरेच असते. केवळ त्याच्याकडे पाहून योजनेची पारख करणे फसवे होय.

पश्चिम केनियातील बुसिया भागात एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर व जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी मक्याच्या खताविषयी असे प्रयोग केले. मका गुडघाभर झाल्यावर दर रोपास अर्धा चमचा वरखत दिले असता चांगला फायदा झाला. शिफारशीप्रमाणे संकरित बियाणे, पेरणीचे खत व वरखत असे सारेच दिले, तेव्हा उत्पन्न पुष्कळ वाढले. पण खर्च वजा जाता सर्वसाधारण शेतकऱ्याच्या पदरी नफा उरला नाही. शिफारस करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग फायद्याचे ते थोडे खत तरी लोक का घालीत नाहीत? प्रात्यक्षिकात भाग घेतलेल्यांपैकी शंभरांत ९७ हून अधिक जणांनी पुढील हंगामात खत घालू असे सांगितले. घातले ते सुमारे ३७ जणांनी. यास अज्ञान म्हणता येत नाही, कारण फायदा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पैसा सुगीला हाती येतो, खत पुढे काही महिन्यांनी लागते, आणि मधल्या काळात तो घरखर्चात संपतो.

म्हणून सुगी होताच कार्यकर्ते घरी जाऊन पुढील हंगामाचे खत विकू लागले. किंमत पूर्ण, पोच तेवढी फुकट, मुदत थोड्या दिवसांची. दुसऱ्या गटास खत घालण्याच्या सुमारास निम्मी किंमत सोडण्यात आली. दोन्ही गटांत वापर जवळजवळ सारखाच वाढला! हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. अनुदानाचा एवढा बोजा जे करू शकला, ते वेळेवर घरी गेल्याने साधले.

बुसियातील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पाऊस, पीक, सोसायटीचे कर्ज, सारेच निराळे. घेण्यासारखी आहे ती रीत. नवी सोय साऱ्या गावास पुरण्याजोगी नसेल, तर ग्रामसेवकाने ती चिठ्ठ्यांनी वाटावी, न मिळालेल्यांचीही नोंद ठेवावी, आणि हंगामाअखेर ‘खत घेणार काय?’ असे न विचारता दोन्हीकडे किती पोती घेतली गेली ती मोजावी.