'स्नूप' : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी वर्तमानपत्रात 'स्नूप' हे क्रियापद नेहमी आढळते. 'हेरगिरी करणे' एवढा अर्थ पाठ करून आपण पुढे जातो. पण तो अपुरा आहे.

हा शब्द मूळचा डच. डच भाषेत 'स्नूपन' म्हणजे गोडधोड चोरून खाणे. न्यूयॉर्क भागात डचांची जुनी वसाहत होती, आणि एकोणिसाव्या शतकात हा शब्द अमेरिकन इंग्रजीत रुळला. आईने फडताळात ठेवलेले लाडू हळूच पळविणारे पोर डोळ्यांपुढे आणा. पुढे शब्दातील खाणे गेले, चोरून डोकावणे राहिले.

'स्पाय' म्हणजे हेर. तो सहसा कोणाच्या तरी हुकमाने शत्रूची बातमी काढतो. 'स्नूप' करणाऱ्याला हुकूम लागत नाही, नसते कुतूहल पुरते. आपला 'चोंबडेपणा' याच्या जवळचा, पण चोंबडा मनुष्य तोंडावरही विचारतो. 'स्नूप'मध्ये चोरटेपणा हवाच. व्यक्तीवर नजर ठेवायची असेल तर पुढे 'ऑन' येते आणि जागेत उचकापाचक करायची असेल तर 'अराउंड'. 'डोन्ट स्नूप ऑन युवर सिस्टर' हे वाक्य लिहून ठेवा. बहीण घरात नसताना तिचा मोबाईल उघडून पाहणे याला आपल्या घरांत 'काळजी' म्हणतात. इंग्रजीत त्याला हाच शब्द आहे.

आपल्या येवल्याचेच उदाहरण घ्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धर्मांतराची घोषणा केली, ती भर परिषदेत. अशा उघड सभेत बसून कोणी टिपणे घेतली तर ते 'स्नूप' नव्हे. कार्यकर्त्याचे पत्र वाटेत फोडून वाचणे मात्र 'स्नूप' होय. इंग्रज सरकारचे पोलीस चळवळीवर पाळत ठेवीत. त्यांचे गुप्त अहवाल महाराष्ट्र शासनाने १९८२ साली चळवळीच्या साधनग्रंथात छापले, आणि आज ते अभ्यासकांच्या कामी येतात, ही गंमतच!

याचा भाऊबंद 'ईव्ह्जड्रॉप', म्हणजे चोरून ऐकणे. 'ईव्ह्ज' म्हणजे छपराची वळचण. पागोळ्या पडतात तेथे उभे राहून घरातले बोलणे ऐकणारा, तो 'ईव्ह्जड्रॉपर'.

विनयपिटकात यावर स्वतंत्र नियमच आहे. पाचित्तियातील ७८ वा नियम, नाव 'उपस्सुति'. सहा भिक्खूंचा एक कुप्रसिद्ध गट इतर भिक्खूंची भांडणे आडून ऐके. त्यावरून तो घालण्यात आला. एखादा भिक्खू बसला असताना दुसरे जवळ येऊन खाजगी बोलू लागले, तर त्याने खोकून आपण येथे आहोत हे कळवावे, असे विवरणात सांगितले आहे. आपली जुनी माणसे दारात खाकरत, ते आठवावे. मात्र भांडणातून स्वतः दूर राहावे या हेतूने ऐकले तर दोष नाही. म्हणजे हेतू पाहिला जातो.

कायद्यातही हा प्रश्न आला. खरकसिंग खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या. पण खाजगीपणाचा वेगळा मूलभूत हक्क मानला नाही. तो मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो हक्क मान्य केला, आणि त्यास मुख्य आधार संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचा घेतला.