चिकातली प्रथिने

आम्ही बँकेत कारकुनी करणारे आणि कला शाखेचे पदवीधर. तरी हा विषय आपल्या खानदेशाच्या बांधावरचा असल्याने थोडक्यात मांडतो.

कच्च्या पपईला ओरखडा काढला, निवडुंग किंवा रुई मोडली की पांढरा चीक ठिबकतो. रबराच्या झाडाचा चीक निघतो तोही असाच. त्यात रबर सुमारे ३० ते ४० टक्के आणि प्रथिने १ ते २ टक्के असतात. पपईच्या चिकाच्या सुक्या भागात मात्र प्रथिनांचाच भरणा मोठा.

ही प्रथिने वेगळी कशी करतात? ताजा चीक थंड भांड्यात घेतात, कारण उष्णतेने प्रथिने बिघडतात. मग तो सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवतात. ताकावर लोणी यावे तसे रबर वर तरंगते. प्रथिने खालच्या पाण्यात विरघळलेली राहतात. त्यात अमोनियम सल्फेट घातले की ती साक्यासारखी तळाशी बसतात. शेवटी जेलच्या थरातून विजेच्या साहाय्याने ती सरकवतात. लहान रेणू पुढे जातात, मोठे मागे राहतात. उमटलेल्या पट्ट्यांवरून कोणते प्रथिन किती वजनाचे, हे समजते.

हे काम आपल्याकडेही झाले आहे. जळगावात भवरलाल जैन यांनी १९७८ साली केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन हे विकर काढण्यास सुरुवात केली. जळगावच्याच मू. जे. महाविद्यालयातील बडगुजर व महाजन या संशोधकांनी खानदेशातील चीकवाल्या वनस्पती तपासल्या आणि निवडुंगाच्या चिकातून दूध साकळवणारे विकर वेगळे केले. त्याला त्यांनी निवुलियन हे नाव दिले.

पण जे पपेन मांस मऊ करते, ते चीक गोळा करणाऱ्याच्या हाताला कसे सोडील? कातडी सोलवटते, पपेनची भुकटी श्वासात गेल्यास दमाही जडू शकतो. रुईचा चीक डोळ्यात जाणे तर फारच घातक. रबरी हातमोज्यांत उरलेल्या प्रथिनांमुळे अनेक परिचारिकांना ॲलर्जी झाली. हातमोज्यांची पावडर ही प्रथिने हवेत पसरवते. पावडरच्या हातमोज्यांवर अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी जाहीर केली, त्यामागे हेही एक कारण होते.

मळ्यात, कारखान्यात आणि रुग्णालयात राबणारे हात बहुधा आपल्याच घरांतले असतात. म्हणून विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत जाऊन हे शास्त्र शिकावे, आणि घरच्या कष्टकऱ्यांना मजुरीबरोबर नायट्राइलचे हातमोजे व तोंडावरची पट्टी मागण्यास सांगावे, एवढीच आमची विनंती.