शिक्का मारलेलं लाकूड

"हाई काय दिधं रे भाऊ, झाकण बसतंच नही!" संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी गल्लीतल्या एका मावशींनी दारातूनच करंडा माझ्या हातात कोंबला. रथसप्तमीपर्यंत तसे एकोणीस परत आले. एकूण विकले होते ५१, हळदीकुंकवाच्या वाणासाठी.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. सुरतच्या डिंडोलीत असं सांगितलं तर कुणाला नवल वाटत नाही, कारण उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या पट्ट्यात अर्धा खानदेश उतरलेला आहे. मी लूमच्या खात्यात फिटर. परदेशातून नवं मशीन आलं की त्याखाली पाइनचे चौकोनी ठोकळे येतात, तीन-चार इंच जाडीचे. ते भंगारात जाताना बघून जीव हळहळायचा. जुन्या लूमची मोटर लावून मी घरीच लेथ बसवला आणि रविवारी करंडे कातायला लागलो. आई अजूनही या लाकडाला देवदारच म्हणते. खोक्याचं प्रत्येक लाकूड तिच्या पिढीला देवदारच.

ठोकळ्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चित्र, देशाची अक्षरं आणि 'एचटी' असा जळका शिक्का होता. भंगारवाला म्हणाला, भट्टीतून काढलेलं आहे, एकदम सुकं. मीही मान डोलावली. माझी फसगत इथून सुरू झाली. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलंय, आत कीड जिवंत राहू नये म्हणून. अर्ध्या तासात कीड मरते, पाणी जात नाही. त्यातून माझे ठोकळे अख्खा पावसाळा खात्याच्या मागे उघड्यावर पडलेले. भट्टीत वाळवलेल्या मालावर 'केडी' लिहिलेलं असतं, तेही तो कारखान्यातून निघाला तेव्हाचं. पुढे पावसात भिजला असेल तर त्या अक्षरांना काही अर्थ नाही. आणि 'एमबी' दिसलं तर तो ठोकळा उचलूच नका. त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. कुंकवाच्या करंड्यासाठी असलं लाकूड हवंय कशाला?

ऑक्टोबरमध्ये कातले तेव्हा एकेक झाकण 'पुक्' आवाज करून निघत होतं. मी खूश. पण लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आटत नाही. वर्षवलयांच्या कडेने जितकं आटतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आटतं. त्यामुळे गोल तोंड लंबगोल होतं. सत्तर मिलिमीटरच्या तोंडाला मिलिमीटरभर फरक पडला तरी खेळ खलास. डबा आणि झाकण एकाच तुकड्याचे असतील तर दोन्ही एकाच दिशेने लंबगोल होतात. रेषेला रेषा जुळवली की झाकण बसतं, जरा फिरवलं की अडकतं. मावशींना मी आधी हेच दाखवायला गेलो. त्यांच्या करंड्याच्या रेषा जुळेचनात, कारण पॉलिश करताना मी सगळी झाकणं एका टोपलीत टाकली होती आणि नंतर मापाने जुळवली होती. कुणाचं झाकण कुणाला, मलाच ठाऊक नव्हतं. आता तुकडा कापण्याआधीच दोन्हीकडे पेन्सिलने एकच आकडा घालतो. रेषा कडेवरून खाली काढतो. लेथवर ती पुसली गेली की पुन्हा काढतो.

दुसरी तक्रार वासाची आणि कुंकवाच्या गोळ्यांची. पाइनमध्ये राळ असते, विशेषतः गाठीजवळ. आतून कच्चा ठेवलेल्या करंड्यात ती पाझरली आणि कुंकू चिकटलं. चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश पातळ करून आतबाहेर दोन हात द्या, राळ दबते. तरी मी आता आत छोटी स्टीलची वाटी बसवतो. सावंतवाडीच्या चितार आळीसारखी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग द्यायचाही प्रयोग केला. घर्षणाने लाख वितळते, पण त्याच उष्णतेने पाइनची राळ वर येते आणि मऊ थरावर कांडीचे खड्डे पडतात. ते काम तिकडच्या पांगाऱ्याला, नाहीतर संखेड्याच्या सागाला शोभतं.

पाइनचा स्वभावच दुहेरी. फिकट रेघ मऊ, तपकिरी रेघ टणक. बोथट पटाशीने आतला तळ कातलात तर तो भाकरीच्या कुस्करासारखा निघतो, मग तुम्ही पॉलिश पेपर घासत बसता, मऊ रेघ झिजते, टणक तशीच राहते आणि करंड्याला लाटा येतात. उपाय एकच, धार. दर दोन करंड्यांनी मी धार लावतो. तळाशी शेवटचा हात मारण्याआधी पातळ लाख मुरू देतो, तंतू ताठ होतात. पेपर बोटाने दाबू नका, मागे लाकडी पट्टी धरा.

जी चूक परत आलेल्या करंड्यांत मोजली गेली नाही, तीही सांगतो. ठोकळ्याच्या मधोमध झाडाचा गाभा होता, त्यातून बारीक चीर गेलेली. दिसली होती मला. 'चालतंय' म्हणून चढवला, अर्धा फुटून कानाजवळून गेला आणि ट्यूबलाइट फुटली. गळ्यात गमछा होता, तोंडावर नुसता चष्मा. तेव्हापासून गाभा असलेला तुकडा चुलीला, गमछा खुंटीला, तोंडावर पूर्ण काच. आणि पटाशी आधी टेकूवर, मगच लाकडावर.

एकोणीस जणींचे पैसे परत केले, बाकीच्यांनी संकोचाने काही म्हटलं नाही. यंदा गुढीपाडव्यालाच साठ तुकडे जाडजूड कातून ठेवले, भिंत बारा मिलिमीटरची, झाकण वेगळं करून दोऱ्याने त्याच डब्याला बांधलेलं. माळ्यावर, वाऱ्याला. प्रत्येकावर तारीख आणि वजन. पावसाळ्यात वजन चढतं, ते मोजून काही कळत नाही. दिवाळीपासून दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच-सहा तोलतो. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही की मगच शेवटचं कातकाम. तेव्हाही आधी झाकण कोरायचं, मग डब्याची चूळ, म्हणजे झाकण बसतं ती कड, त्याच्या मापाने उतरवायची. झाकण फिरत्या चुळीला टेकवलं की चकचकीत रेघ उमटते, तिथून केसाएवढंच काढायचं. वाणाच्या करंड्याचं झाकण किंचित सैल असलेलं बरं, श्रावणात ते आपोआप घट्ट होतं.

आई विचारते, कधी होणार रे तुझे? तेवीस नंबरचा तुकडा गेल्या रविवारी १६८ ग्रॅम भरला होता, काल १६६. पुन्हा माळ्यावर ठेवला.